पिवळी चप्पल आली नाही

“काय पाह्यजे? पोहे का आलूबोंडा?”

ताडपत्रीच्या आतून आवाज आला आणि गीतांजली दचकली. आता यात दचकण्यासारखं काय आहे, असं कोणीही म्हणेल. नाश्त्याच्या दुकानात नाश्त्याचंच विचारतील, सातबारा थोडाच विचारतील. पण पहिल्या दिवशी काय हवं-नको ते सांगून झाल्यापासून, गेले तीन महिने, तिला इथे ‘काय पाह्यजे’ असं कोणी विचारलंच नव्हतं. पावणेसातला ती येऊन उभी राहायची. ती उभी राहिली की ताडपत्रीखालच्या फटीतून एक हात बाहेर यायचा, हिरव्या बांगड्यांचा, मनगटावर तुळशीचं झाड गोंदलेला, आणि स्टुलावर प्लेट ठेवून परत आत जायचा. तर्री कमी. सांबार, म्हणजे पुस्तकात ज्याला कोथिंबीर म्हणतात तो, मूठभर. मिरच्या वेचून काढलेल्या. लिंबाच्या दोन फोडी. खांबाला चिकटवलेला कोड मोबाइलनं टिपायचा, आतलं यंत्र पैसे आल्याचं ओरडायचं, की झालं. तोंड उघडायची गरज नाही. अख्ख्या अकोल्यात ही एकच जागा होती जिथे गीतांजलीला स्वतःबद्दल काही सांगावं लागत नव्हतं. क्लासमध्ये ती चारशे बारा नंबर होती, होस्टेलात ‘नऊ नंबरमधली खिडकीकडची’, मेसमध्ये डब्यावर चिकटवलेली पट्टी. इथे मात्र कोणाला तरी ठाऊक होतं की हिला मिरची चालत नाही. एवढंसंच. पण एवढ्याशावर माणूस तीन महिने काढतो, खरंच काढतो.

“पोहे,” ती म्हणाली. सकाळपासूनचा तो तिचा पहिलाच शब्द, त्यामुळे घसा खरखरला आणि आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी आल्यासारखा वाटला. प्लेट आली. तर्री काठोकाठ, मिरच्या तीन, लिंबू एक. ती प्लेटीकडे बघत राहिली. काही चुकलं असेल, घाई असेल, बाईंचं डोकं दुखत असेल. तेवढ्यात आतून तोच आवाज, आता तिच्याशी नाही, दुसऱ्याशी:

“चाचा, पिवळी चप्पल नाई आली ना आज.”

“आयेगी बाई. अभी टाइम है.”

गीतांजलीनं खाली पाहिलं. पायात पांढरे बूट होते. नवे, फुगीर, दवाखान्यातल्या भिंतीसारखे पांढरे. आणि मग सगळं लख्ख कळलं, इतकं लख्ख की तिला हसूच आलं, आणि हसण्याच्या मागून दुसरंही काहीतरी आलं ज्याला तिनं घास भरून आत ढकललं.

त्याचं असं होतं, की मनकर्णाबाईंचं दुकान पूर्वेला तोंड करून बसलेलं. सकाळचं ऊन थेट कढईत येतं, म्हणून त्यांनी पुढून ताडपत्री पार कमरेच्या खाली सोडलेली. बाई आत पाटावर बसून पोहे परततात, त्यांच्यासमोर खोक्यावर कुलपं दुरुस्त करणारे गयासुद्दीन चाचा आपलं शेजारचं दुकान उघडेपर्यंत चहा पीत बसतात, आणि दोघांना बाहेरचं जग दिसतं ते गुडघ्यापासून खाली. त्यामुळे बाईंची गिऱ्हाइकं सगळी पायांवरून. “लाल नाडी, आलूबोंडा दोन.” “पोलीसबूट, चहा बिनसाखर.” “फाटका सॉक्स आला पाह्य चाचा, बायको माहेरीच हाय अजून.” हे सगळं गीतांजलीनं रोज ऐकलेलं, रोज गालात हसलेली. पण आपणही त्यातलेच, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. कसं येणार? आपण आपल्याला आतून दिसतो, आणि आतून काही कोणी चप्पल नसतं. “काय वं, आज उशीर?” असं बाई विचारायच्या तेव्हा ते आपल्यालाच, गीतांजली गोवर्धन खंडारे हिलाच विचारलं असं तिनं धरून चाललेलं. “पेपर कसा गेला वं?” “बरा,” ती म्हणायची. एक शब्द. तेवढ्यात तिचं दिवसभराचं बोलणं होऊन जायचं.

सात वाजत आले तशी आतून झाकणाचा आवाज आला. “राहू द्या तिची प्लेट झाकून,” बाई म्हणाल्या, “येईन ती दमत दमत.” आणि गीतांजली बाहेर, हातभर अंतरावर, स्वतःची वाट बघितली जाताना ऐकत उभी. बोलायचं होतं. ‘मावशी, मीच’, दोन शब्द. पण चोरून गूळ खाताना जसं वाटतं तसं काहीतरी वाटत होतं. आपल्यामागे आपल्याबद्दल कोणी बोलतंय, आणि चांगलं बोलतंय. दर्यापूरचं घर सोडल्यापासून हे सुख तिला मिळालंच नव्हतं. अजून एक मिनिट, अजून एक वाक्य, असं करता करता क्लासची वेळ झाली आणि ती मिरच्या गिळून, नाक पुसत, नव्या बुटांत आवाज न करता निघून गेली.

आवाज न करता, हेच तर. चपलेला आवाज होता. तशी ती देखणी वगैरे मुळीच नव्हती. दहावीच्या सुट्टीत दर्यापूरच्या बाजारातून घेतलेली, रबराची, तळ काळा आणि पट्टे हळदीसारखे पिवळे. “हा काय रंग वं, लांबून दिसते,” आई म्हणाली होती. लांबून दिसते म्हणूनच तर घेतली. डावा पट्टा उपटला तेव्हा बाबांनी, ते एस.टी. डेपोत मेकॅनिक आहेत, सायकलच्या ट्यूबचा तुकडा आतून असा बसवून दिला की चप्पल झिजून जाईल पण जोड हलणार नाही. तेव्हापासून उजवी ‘चप’ म्हणायची आणि डावी जरा विचार करून ‘चुप’. चप-चुप, चप-चुप, घरभर. सकाळी ती आवाज करत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जायची, आणि आई पाठमोरीच ओरडायची, “आत आणू नको ते धूड.” मग उंबऱ्यावर बसून चहापोळी. पोळीची गुंडाळी करायची, चहात एक-दोन-तीन मोजायचं आणि तुटायच्या आत तोंडात. चार मोजले की पोळी तळाशी. आईला मागे न बघता कळायचं की आज चार मोजले, कारण गीतांजली गप्प व्हायची. तेव्हा ती एक चमचा पाठीमागे धरायची, तशीच, पाठमोरी. या गोष्टीला ‘ओळखणं’ म्हणतात हे घरी असताना कोणाला सुचतं? तिथे ते पंख्याच्या आवाजासारखं असतं. बंद पडलं की मग कळतं की होतं.

आणि चप्पल गेली ती अमरावतीत. रविवारी शालूआत्याकडे गेली होती ती, अकोल्याहून सकाळच्या बसनं, एका दिवसासाठी. आत्यानं दार उघडलं ते आधी पायांकडेच बघितलं. “हे काय घालून फिरून राहिली वं? डॉक्टर होणार पोट्टी, अन पायात हे? लोकं म्हणतीन भावानं पोरीले उघडं टाकलं.” मग आत्यानं गिलावडे खाऊ घातले, दह्यात बुडवलेले, आणि ती तिसरा खात असतानाच हात धरून दुकानात नेलं. आत्या प्रेमळ आहे, त्यात वाद नाही. पण आत्याचं प्रेम बुलडोझरसारखं, त्याच्यापुढे उभं राहायचं नसतं. संध्याकाळी बस पकडायच्या वेळी चप्पल शोधली तर आत्या म्हणाली, “ती? ती मी घंटागाडीत देली दुपारीच.” गीतांजली हसली. थँक यू आत्या, म्हणाली. बसमध्ये खिडकीशी बसून बडनेरा जाईपर्यंत तिनं बुटांच्या आत बोटं हलवून पाहिली. बोटांना कोणी भेटलं नाही. त्या चपलेत टाचेच्या जागी दोन खळगे पडले होते, तिच्याच टाचांचे, तिच्याच वजनाचे. कुठेतरी कचऱ्याच्या ढिगावर आता ते आभाळाकडे तोंड करून पडले असतील. बस मूर्तिजापूरला थांबली, चहावाले चढले, उतरले. चपलेसाठी कोणी रडतं का? नाही रडत. ती नाहीच रडली.

मंगळवारी ती ठरवून गेली की सांगायचं. गेली, उभी राहिली, “काय पाह्यजे?” आलं, आणि ती म्हणाली, “पोहे.” मिरची नको असं म्हणावं तर तेही जमेना, कारण ते म्हणणं म्हणजे नव्यानं ओळख करून देणं, आणि एकदा ओळखलेल्या माणसाला पुन्हा ओळख करून देण्यासारखं हलकं काही नाही. खाताना तिला एक सवय होती. डावी चप्पल काढून ते पाऊल उजव्या पावलावर ठेवायचं, बगळ्यासारखं एका पायावर उभं राहून आधी काठाचे पोहे, मग मधले, आणि शेंगदाणे सगळ्यात शेवटी, एका रांगेत. बुटात ते होईना. नाडी सोडून पाय काढायचा म्हटलं तर क्लास चुकेल. दोन्ही पायांवर सरळ उभं राहून खाल्लं तर पोहे नुसते पोहे लागतात. आतून चाचांचा आवाज आला, “घर को गई होगी बच्ची.” आणि बाई म्हणाल्या, “सांगून जाती ना. तशी पोट्टी सांगून जाणारी हाय.” गीतांजलीला वाटलं, हे कोणाबद्दल बोलतायत? ती काही सांगून जाणारी नव्हती. पहिला दिवस सोडला तर एका शब्दाच्या वर कधी बोलली नव्हती. पण त्या पिवळ्या चपलेत बाईंनी एक अख्खी मुलगी भरली होती, सांगून जाणारी, पेपर बरा देणारी, बहुतेक हुशार, बहुतेक हसरी. गीतांजलीला तिचा हेवा वाटला.

त्या संध्याकाळी आईचा फोन. “नाश्ता केला का?” “केला.” “काय खाल्लं?” “पोहे.” “करमते ना वं?” “हो ना.” पलीकडे कुकरची शिटी झाली. गीतांजलीला म्हणायचं होतं की आई, मी इथे हरवले आणि मलाच शोधणं चालू आहे आणि मी शेजारी उभी राहून बघतेय. पण हे सगळं कुकरच्या दोन शिट्ट्यांत मावणारं नव्हतं. “बूट भारी आहेत आत्याचे,” ती म्हणाली.

बुधवारी झाकणाचा आवाजच आला नाही. तिनं वाट पाहिली. सात झाले, सातवर पाच झाले. बाईंनी प्लेट काढूनच ठेवली नव्हती. लाल नाडी आली, पोलीसबूट आले, सगळ्यांना त्यांचं त्यांचं मिळालं. म्हणजे दोन दिवस. माणसाची जागा भरून यायला दोन दिवस पुरतात, असं तिनं रसायनशास्त्राच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं आणि मग खोडलं, कारण वाक्य फारच भारी वाटत होतं आणि भारी वाक्यांचा तिला अलीकडे संशय येत असे.

गुरुवारी क्लास सुटल्यावर ती चपलांच्या दुकानात गेली. होती. हुबेहूब तशीच, काळा तळ, हळदीचे पट्टे. दुकानदारानं फडक्यानं पुसून पुढे ठेवली. तिनं बूट काढले, पाय सरकवले आणि समोरच्या आरशात पाहिलं. चपलांच्या दुकानातला आरसा तुम्हाला माहीत आहे, जमिनीला टेकलेला, तिरका, घोट्यापर्यंतचंच दाखवणारा. त्यात ती उभी होती. पिवळी चप्पल. पक्की, कोणालाही पटेल अशी. आणि बाईंना जे दिसतं ते नेमकं हेच, आणि यात ती कुठेच नव्हती. शेजारच्या बाकावर बसलेल्या त्या काकूंनी हीच घातली असती तरी उद्या सकाळी मिरच्या वेचलेली प्लेट त्यांच्यापुढे आली असती. “घ्या ना ताई,” दुकानदार म्हणाला, “चालून चालून नरम पडते.” तळवा कडक होता, खळगे नव्हते. आपणच आपलं सोंग घ्यायचं आणि त्यावर पोहे खायचे. तिनं चप्पल परत ठेवली. “रंग नाही आवडला,” म्हणाली.

शुक्रवारी आभाळ भरलेलं, ऊन नव्हतं, तरी ताडपत्री खालीच. सवय. गीतांजली उभी राहून मिरच्या कडेला सारत होती. आत बराच वेळ कढईत उलथनं फिरत राहिलं आणि मग थांबलं.

“चाचा,” बाई म्हणाल्या, अगदी हळू, “त्या काळ्या सँडलसारखं तर नाई ना झालं?”

“तौबा. सुबह सुबह क्या बोलती बाई.”

“बोलत नाई मी. पण ती बी अशीच होती. चुपचाप खाये, चुपचाप जाये. एक दिवस नाई आली, दोन दिवस नाई आली. मी म्हटलं गावाले गेली असंन. अन मंग त्या पोरीचं पेपरात आलं, होस्टेलमधल्या.”

“वो अलग होगी.”

“असंन अलग. नाव होतं ना पेपरात. पण मले कुठं माहीत होतं नाव? मी कवा इचारलंच नाई. पेपरात काई सँडल छापत नाईत चाचा. वर्ष झालं, मले अजून समजलं नाई का ती तीच होती का दुसरी.”

उलथनं पुन्हा फिरू लागलं. “बुधवारपासून प्लेट बी काढून ठेवत नाई मी. झाकण काढून पाह्याचं अन ते तसंच. नाई पाह्यवत.”

गीतांजलीनं प्लेट स्टुलावर ठेवली. ती कशी ठेवली हे तिला आठवत नाही. क्लासमध्ये त्या दिवशी प्रकाशाचं अपवर्तन चालू होतं आणि तिनं पाऊण तास फळ्यावरच्या एकाच किरणाकडे पाहिलं. तिच्या डोक्यात आपलं हेच चाललेलं की आपल्याला कोणी ओळखत नाही. पाच दिवस तेच चघळत होती, गोड लागत होतं. आणि तिकडे ताडपत्रीच्या आत एक बाई रोज सकाळी पोहे भिजवताना एका मुलीला मारत होती, जिवंत करत होती, पुन्हा मारत होती. आणि ती मुलगी बाहेर उभी राहून लिंबू पिळत होती.

शनिवारी ती साडेसहालाच पोचली. बाहेर थांबली नाही. थांबली असती तर परत “पोहे” म्हणाली असती, हे तिला चांगलं माहीत होतं. तिनं खाली वाकून ताडपत्री उचलली आणि बूट-बॅगेसकट आत शिरली. आत धूर, हळद आणि रॉकेलचा वास. बाई तिला वाटल्या होत्या तशा मुळीच नव्हत्या. तिनं मनात एक जाड, पांढऱ्या केसांची बाई करून ठेवलेली. ह्या बारीक, आईच्या वयाच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. चाचा मात्र चाचांसारखेच होते.

“ओ पोरी, इथं कुठं घुसून राहिली? बाहेर उभी राह्य.”

“मावशी, पिवळी चप्पल मी.”

बाईंनी आधी बूट पाहिले. मग गुडघे, मग आयकार्ड, मग चेहरा. चेहऱ्यावर त्यांची नजर नुसती फिरत राहिली, जशी अनोळखी गावात आपण पाट्या वाचत फिरतो. जुळवायला त्यांच्याकडे काही नव्हतंच.

“काय खाये ती?” त्यांनी विचारलं.

“तर्री कमी. सांबार जास्त. मिरच्या काढून. लिंबाच्या दोन फोडी.”

उलथनं कढईत पडलं. “कुठं होती तू?”

“बाहेर.”

“बाहेर कुठं?”

“इथंच. स्टुलापाशी. सोमवारपासून.”

“सोमवारपासून,” बाई चाचांना म्हणाल्या. “आयकलं का चाचा? माह्यासमोर उभी राहून, माह्येच पोहे गिळून, मले मरणाले टेकवलं या पोट्टीनं. अन मिरच्या काय केल्या?”

“खाल्ल्या. दोन दिवस. मग बाजूला काढल्या.”

“खाल्ल्या म्हणते. काहून नाई बोलली?”

तिनं रात्रभर बरीच उत्तरं जुळवली होती, सगळी परीक्षेत लिहिण्यासारखी. त्यातलं एकही आलं नाही. “मले वाटलं होतं तुमी मले ओळखता,” ती म्हणाली, आणि तीन महिन्यांनी तिच्या तोंडून घरची बोली आली, तिलाही न विचारता.

“कशी ओळखू?” बाई म्हणाल्या. “मी बसेल, तू उभी. मी कढई सोडून उठू का? तुले दोन पाय हायेत, कंबर हाय. तीन महिन्यांत एक डाव तरी वाकून पाह्यलं का तू, का आत कोण बसते?”

गीतांजलीनं मान हलवली. नव्हतं पाहिलं. तिला एक हात माहीत होता, हिरव्या बांगड्यांचा. तो हात आता पदराला पुसला जात होता, आणि त्याच्या वर दंड होता, दंडावर विटलेल्या पोलक्याची बाही, आणि एक माणूस. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, धुरानंही असेल.

“नाव काय?”

“गीतांजली.”

“कुठली?”

“दर्यापूरची.”

“गीतांजली दर्यापूरची,” बाईंनी एकदा म्हणून पाहिलं, चाचांकडे बघून, साक्षीला ठेवल्यासारखं. मग कढईवर झाकण ठेवलं. “जाय. आज तुले पोहे नाई.”

“मावशी, पण क्लास—”

“उपाशी जाय. सहा दिवस मले घास गेला नाई, तू एक दिवस राह्य. अन उद्या ये.”

“उद्या रविवार आहे.”

“मंग काय रविवारी तोंड शिवते का तू? उद्या ये. नाई आली तर होस्टेलात येऊन तंगडी मोडीन, समजलं का?”

“समझ गई वो,” चाचा म्हणाले. “जाने दो बाई, देर होती उसको.”

ती वाकून बाहेर आली. रस्ता झाडणारी बाई, दुधाच्या गाड्या, क्लासकडे निघालेली मुलं, शेकडो, मान खाली घालून. पोटात काही नव्हतं आणि डोकं हलकं झालं होतं. क्लासमध्ये साडेआठच्या सुमाराला, सगळे शांतपणे गणित सोडवत असताना, तिचं पोट इतक्या मोठ्यानं गुरगुरलं की पुढच्या दोन रांगांनी मागे पाहिलं. तीन महिने शेजारी बसणाऱ्या, जिच्याशी तिचं पट्टीची देवाणघेवाण सोडून काही बोलणं नव्हतं, त्या मुलीनं वही आडवी धरून कुजबुजत विचारलं, “नाश्ता नाही केला का?”

“नाही मिळाला,” गीतांजली म्हणाली. “मावशी रागावली आहे माझ्यावर.”